सेहेचाळीस खांब

१

सकाळी उठल्यावर लोक देवाला हात जोडतात, मी आधी राउटरचा आकडा बघते. सिद्रामप्पाकाकांनी लावलेली सवय आहे ही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, आपल्या कामात इतका चोख माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. पुढचं ऐकून तुम्ही मला काहीही म्हणा, पण ह्या बोलण्यात फरक होणार नाही.

मी रेश्मा. माहेर अक्कलकोटचं, राहायला जुळे सोलापुरात, कॉलनीच्या अगदी शेवटच्या गल्लीत. घर जुनं, एका रिटायर बँकवाल्याकडून घेतलेलं. पूर्वी म्हणे दाराला तीन पायऱ्या होत्या. दर निवडणुकीला रस्त्यावर नवा थर पडत गेला आणि पायऱ्या रस्त्याच्या पोटात गेल्या. आता रस्ता आणि माझी फरशी एका पातळीत आहेत. येणारा-जाणारा थेट माझ्या स्वयंपाकघरात बघतो, आणि मीही त्याच्याकडे डोळे वटारून बघते.

नवरा अमृत श्रीपूरच्या साखर कारखान्यात आहे. गाळप सुरू असलं की फक्त रविवारी घरी. बाकीचे सहा दिवस घरात मी आणि पंखा. मूलबाळ नाही, आणि त्यावर कुणी बोललेलं मला खपत नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा नोकरी लागली. पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम, घरी बसून. कानाला हेडफोन लावायचा आणि मराठी-कन्नड माणसांचे फोन घ्यायचे. माझी कन्नड ऐकून तिथल्या पूनम मॅडम एकदम खूश झाल्या. पण अट घातली. "तीन महिने बघू. इंटरनेट तारेचं पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही. एकतीस मार्चला तुमची शेवटची परीक्षा. त्यात लाइन पडली तर विषय संपला."

फायबरवाले 'आठ दिवसांत जोडतो ताई' असं सहा महिने म्हणत होते. राहिली भिंतीतली जुनी टेलिफोनची तार. पंधरा वर्षं मुकी पडलेली.

अमृत म्हणाला, "जाऊ दे की रेश्मे, काय अडलंय नोकरीवाचून?"

त्याचं काय अडणार? अडलं होतं माझं. ही नोकरी मला हवी होती, आणि ती त्या तारेवर टांगलेली होती.

२

आधी मी एकटीच नवी पेठेत जाऊन राउटर घेऊन आले. काळाकुळकुळीत, चार शिंगांचा, दिवे असे की गणपतीची आरास. मोठ्या मिजाशीत घरी आणला. एक गल्ली सोडून सिद्रामप्पाकाका राहायचे. टेलिफोन खात्यात आयुष्यभर लाइनमन, आता रिटायर. त्यांना बोलावलं.

काकांनी डबा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पोरी, ह्याला तोंडच न्हाय की."

"म्हणजे?"

"फोनची तार कुटं घालणार? ह्ये फायबरवाल्याचं सोंग हाय. टेलिफोनच्या लाइनीला बारकं भोक लागतंय, दोन तारंचं. शिंगं बघून बैल घेत्यात व्हय?"

मी अशी खजील झाले की विचारू नका. काका स्वतः माझ्या स्कूटीवर मागे बसून दुकानात आले. दुकानदाराने सहा डबे मांडले. काकांनी एकाचेही दिवे मोजले नाहीत. प्रत्येक डबा चालू करायला लावायचे, त्याचं पान कॉम्प्युटरवर उघडायला लावायचे आणि एकच विचारायचे, "लाइनीचा आकडा दाखवतो का?" पाच नापास झाले. सहावा जुना, पिवळट पडलेला, एका ऑफिसातून आलेला. त्याने दाखवला.

"ह्यो घे. बाकीचे नुसते बडबडे हायत. ह्यो खरं सांगंल."

दुकानदार हसला. मी नाही हसले. काकांचं ते बोट बघत होते मी. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं, कधीतरी केबल कापताना गेलेलं. त्या अर्ध्या बोटाने ते डब्याच्या भोकाशी असे चाचपत होते, आई तान्ह्या पोराचे दात बघते तसं. कामावर इतकं प्रेम असलेलं माणूस दिसलं की मला उगाच भरून येतं.

३

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी काका पिशवी घेऊन आले. पिशवीत पक्कड, टेप आणि दोन चिमटे लावलेला जुना टेस्ट फोन. आधी दारासमोरच्या खांबावरची पेटी उघडली. दातांनी तारेचं साल सोललं, चिमटे लावले, फोन कानाला धरला आणि नखाने त्यावर तीन टिचक्या मारल्या. थांबले. ऐकलं. मग फोनमध्ये म्हणाले, "झालं. सोड."

मी हसले. "काका, कुणाला सोडताय?"

"रीत हाय. आमी जोडीनं काम करायचो. एक हितं, दुसरा तितं. टिचक्या मारल्या की समोरच्यानं लाइन धरायची आणि खांब-खांब तपासत यायचं. 'सोड' म्हटल्याबिगर त्यानं सोडायचं न्हाय. आता समोर कुणी नसतंय, पर जीभ ऐकत न्हाय की."

मग आत आले. भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, टेलिफोनची पांढरी डबी होती. काका तिच्यापुढे मांडी घालून बसले. चिमटे लावले, तीन टिचक्या मारल्या.

मी चहा घेऊन अगदी शेजारी उभी होते. फोनमधून उत्तर आलं. टक, टक, टक.

काकांचा चेहरा उजळला. "बघ! जिती हाय लाइन!"

"काका, आधी चहा घ्या, निवतोय," मी म्हणाले. ते फोन सोडेनात, तोंडाशी नेऊन काहीतरी बोलणार होते, तर मी सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चिमटे उपटून पिशवीवर ठेवला. आमच्याकडे आलेल्या माणसाचा चहा निवलेला चालत नाही. काकांनी बशीत ओतून चहा घेतला, साखर बरोबर पडली म्हणाले.

मग राउटर जोडला. पानावर आकडा आला, सेहेचाळीस.

"ही तार वाटंत किती झिजती, त्येचं माप हाय ह्ये. एक्सचेंज जितकं लांब तितका आकडा मोठा. तुला सोपं सांगतो, एका आकड्याला एक खांब धर. हितनं एक्सचेंजपत्तुर सेहेचाळीस खांब हायत. मी रोवलेत. आकडा वाढला तर मला सांग."

कमी झाला तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. तार काही आखडत नाही, त्यामुळे मीही विचारलं नाही.

४

तिसऱ्या दिवशी आकडा पंचेचाळीस झाला. पाचव्या दिवशी चव्वेचाळीस.

मला वाटलं, थंडीने होत असेल. कॅलेंडरवर दुधाच्या खुणा करतात तशी मी रोजच्या चौकटीत आकडा लिहायला लागले. दोन दिवसांना एक. कधी चुकून तीन दिवस नाहीत, कधी एका दिवसात दोन नाहीत. पगारी माणसाची चाल असते तशी.

आणि लाइन काय सुधारली म्हणता! पहिल्या आठवड्यात आवाज थोडा खरखरायचा. जानेवारी संपेपर्यंत असा स्वच्छ झाला की विजापूरच्या आजीबाईंनी फोनवर सुस्कारा टाकला तर माझ्या कानाला वारा लागायचा. रविवारी अमृत क्रिकेटची मॅच लावून पसरला. "आयला रेश्मे, आमच्या साहेबाच्या केबिनीतबी असलं नेट न्हाय." पूनम मॅडम म्हणाल्या, आख्ख्या टीममध्ये तुमची लाइन एक नंबर. मी फुगून गेले. काकांना डबाभर शेंगापोळ्या नेऊन दिल्या.

एकच बारीकशी गोष्ट होती. दुपारी तीनच्या सुमाराला, बोलणारा माणूस श्वास घ्यायला थांबला की मागे टिचक्या यायच्या. तीनच. मी हेडफोन बदलला, टिचक्या गेल्या नाहीत. मग हेडफोन काढून ठेवला. टिचक्या भिंतीवरच्या डबीतून येत होत्या.

५

"काका, त्या दिवशी समोरून टिचक्या कुणी मारल्या हो?"

फेब्रुवारीतली सकाळ. काका अंगणात बसून वाळत घातलेल्या मिरच्या राखत होते.

"कुणी न्हाय. घुमारा असतोय लाइनीचा. आपलंच आपल्याला माघारी ऐकू येतंय."

"पण एक्सचेंजमध्ये कुणी बसलं असेल."

"तितं कोण बसतंय आता? कुलूप असतंय, आत नुसत्या मिशनी."

मी आकड्यांचं सांगितलं. आकडा त्या दिवशी चोवीस होता. काकांचा हात मिरच्यांतच राहिला.

"चोवीस? डबा बिघडला असंल."

"तुम्हीच म्हणालात की तो खरं सांगेल."

ते उठून आत गेले. मी घरी आले आणि स्वतःला चांगलं झापलं. सायन्स शिकलेली बाई आहेस तू. हवा गरम झाली, जोड घट्ट बसले, डबा जुना आहे, शंभर कारणं असतात. बरं, समजा काही असलं, तरी लाइन चांगलीच होतेय ना? मग कशाला उगाच दुखणं ओढवून घ्यायचं?

पण मनात हिशेब एकदा बसला की उठत नाही. एका आकड्याला एक खांब. तारेच्या ह्या टोकाला मी. ते दुसरं टोक चोविसाव्या खांबावर होतं.

६

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी अमृत घोरत होता. आकडा वीस. मी स्कूटी काढली आणि दारासमोरच्या खांबापासून मोजत निघाले.

एकोणीस खांबांवर काही नव्हतं. क्लासच्या जाहिराती, पानाच्या पिचकाऱ्या, नेहमीचंच. विसावा खांब भाजीवाल्या बजाबाईच्या जागेशी येतो. ती नेहमी खांबाला टेकून बसते. आज ती रस्त्याच्या पलीकडे बसली होती, उन्हात.

"का गं मावशी, सावली सोडून?"

"तितं नगं बाई. कालधरनं खालनं वाजतंय. कुणीतरी टिचक्या मारतंय जनू."

मी खांबाजवळ गेले. गुडघ्याच्या जरा वर, पांढऱ्या चुन्याचं एक बोट उठलेलं होतं. पानाला लावतात तो चुना. मी हात लावला, ओला होता.

पुढच्या, म्हणजे एकविसाव्या खांबावरही तसंच बोट होतं, वाळलेलं. बाविसाव्यावरही होतं. मी तिसापर्यंत गेले. प्रत्येक खांबावर खूण, सगळ्या एका उंचीवर, एका बाजूला, कुठे ओघळ नाही की फराटा नाही. इतकं नेटकं काम की खरं सांगते, भीतीच्याही आधी मला कौतुक वाटलं. मग विचार आला की गुडघ्याशी वाकून वाकून कोण असल्या खुणा करत जाईल? माणूस छातीशी करेल ना?

परत येताना माझ्या दाराशी थांबले. तीन पायऱ्या गेल्या त्या रस्त्यात. म्हणजे जुनी जमीन दोन-अडीच फूट खाली. त्या जमिनीवर उभ्या माणसाची छाती आताच्या रस्त्यावर कुठे येईल, ते मी हाताने मोजून पाहिलं.

माझ्या गुडघ्याच्या जरा वर येत होती.

७

हे ऐकल्यावर काकांनी मला आत बसवलं. मग म्हणाले, "चुन्याची खूण मडिवाळप्पाची. तपासलेल्या खांबावर छातीशी एक बोट. त्यो डाव्या हातात चुन्याची डबी घिऊनच चालायचा."

मडिवाळप्पा काकांचा जोडीदार. एकोणीस वर्षं एकत्र काम केलं. काका सांगत होते आणि मी ऐकत होते. त्याच्यासारखा लाइनमन झाला नाही म्हणाले. पावसात, उन्हात, तापात, एकही खांब वगळायचा नाही. तार हातात धरून सांगायचा, कितव्या खांबाशी गंज आहे.

"बत्तीस वर्षं झाली. ह्योच नंबर, ह्येच तुजं घर. नवीन कनेक्शन. मी हितं डबीपाशी, त्यो एक्सचेंजला. टिचक्या मारल्या, त्येनं उत्तर दिलं, निघाला तितनं. तेवढ्यात निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्या. मी फोन टाकला आन् पळालो. गुरम्मा झाली मला त्या दिवशी."

"आणि मडिवाळप्पाकाका?"

"सायकल एक्सचेंजला तशीच हुती. सगळे म्हणाले, गेला असंल कुटं कर्नाटकात. त्यो कुटं जाणार पोरी? मी सोड म्हटलंच न्हाय."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघवत नाही.

"त्या दिवशी पण राहिलं," मी हळूच म्हणाले. "तुम्ही म्हणणार होता. मी चहासाठी फोन काढून घेतला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी येतो. फोन लावतो आन् सोड म्हणतो. बिचाऱ्याला मोकळं करतो."

इथे मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "काका, सोड म्हटल्यावर लाइन राहील?"

"लाइन त्येनंच धरलेली दिसती. ऱ्हाईल का, ते मला ठाव न्हाय."

"मग एकतीस तारखेपर्यंत थांबा. माझी परीक्षा होऊ दे. तुमच्या पाया पडते."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

८

एकतीस मार्च. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. आकडा सकाळी एक होता. मी तो कॅलेंडरवर लिहिला. दार उघडून पाहिलं तर समोरच्या खांबावर बोट उठलेलं होतं. ओलं.

अडीच वाजता काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. हातात टेस्ट फोन.

"आता उशीर नगं पोरी. जवळ आला. फोन लावू दे."

टेस्ट फोनचे चिमटे लावले की इंटरनेट तुटणार, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि तीनला पूनम मॅडमची परीक्षा. अर्धा तास खरे फोन घ्यायचे, त्या मागून ऐकणार.

"काका, साडेतीनपर्यंत. एवढा अर्धा तास द्या मला."

ते दाराकडे बघत राहिले. मग हसले. "घे. बत्तीस वर्षं थांबला त्यो, अर्ध्या तासानं काय हुतंय? तुजं कायम हुंदे."

डबीपुढे मांडी घालून बसले ते. फोन लावला नाही, शब्दाचे पक्के. नुसती दोन बोटांनी तार धरून बसले. मी शेजारच्या खोलीत टेबलापाशी, मधलं दार उघडं. माझ्या खुर्चीतून काका दिसत होते, भिंतीकडे तोंड करून.

तीन वाजता मी हेडफोन लावला. पहिला फोन इंडीचा, दुसरा मोहोळचा. तिसऱ्याशी बोलताना तिकडून काकांचा आवाज ऐकू आला, कन्नडमध्ये, हळू. "बारो मडिवाळा, बा. एष्ट तडा माडिदी." ये रे, किती उशीर केलास. आवाजात इतकी माया होती की माझ्या अंगावर काटा आला. मी फोनवरच्या बाईंना विमा नंबर विचारला. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते आणि डोळ्याच्या कडेने पाहत होते.

भिंतीशी, डबीच्या खाली, फरशीच्या कडेवर एक हात होता. फरशीच्या वर कोपरापर्यंतच. पहिलं बोट पांढरं. त्याने डबीशेजारी भिंतीला बोट टेकवलं, अगदी अलगद, आणि काकांपुढे तळहात धरला. विहिरीत उतरणाऱ्याला खालचा माणूस हात देतो, तसा.

मला उठता आलं असतं. हेडफोन काढायला किती वेळ लागतो? "एक मिनिट हं," एवढं बोलायचं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, तीन वाजून एकवीस मिनिटं. मी विचारलं, "ताई, पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?"

पुन्हा पाहिलं तेव्हा काका तिथेच बसलेले होते. टोपी, शर्ट, पाठ, सगळं जागच्या जागी. मला हायसं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे दोन्ही बाजूंना दिसतात. काकांचे गुडघे दिसत नव्हते. कमरेपासून खाली फरशीच होती. काका बसलेले नव्हतेच, उभे होते.

"अभिनंदन रेश्मा," कानात पूनम मॅडम म्हणाल्या. "काय लाइन आहे हो तुमची! तुम्ही कायम."

मी स्क्रीनकडे बघून थँक्यू मॅडम म्हणाले. त्यानंतर खोलीत कुणी नव्हतं. दारात काकांच्या चपला होत्या. टेस्ट फोन फरशीवर नीट ठेवलेला. फरशी कोरडी, थंडगार, कुठे चीर नाही. आकडा शून्य.

९

गुरम्मा पुण्याहून आली. माझ्याच वयाची, वडिलांसारखेच डोळे. पोलीस आले. मी सांगितलं, दुपारी आले होते, मी कामात होते, कधी गेले कळलं नाही. ह्यात एकही शब्द खोटा नाही. गुरम्माने चपला पदरात बांधून नेल्या. अजून दर आठवड्याला तिचा फोन येतो. "अक्का, आप्पांचं काही कळलं का हो?"

एक एप्रिलला आकडा एक झाला. तीन तारखेला दोन. दोन दिवसांना एक. गाळप संपल्यामुळे अमृत तेव्हा घरीच होता. तो म्हणाला, "नेट जरा कमी झालं का गं?" मी म्हणाले, उन्हाळा आहे.

खांब बघायला मी गेले होते. जायलाच हवं होतं. दारासमोरच्या खांबावर आता दोन खुणा आहेत, शेजारी शेजारी, एका उंचीवर. एक अख्ख्या बोटाची आणि एक अर्ध्या बोटाची. पुढच्याही खांबावर तशाच, त्याच्या पुढच्याही. एक खांब वगळलेला नाही. माणसं कामाला चोख.

जुलैत आकडा सेहेचाळीसवर जाऊन थांबला. तेव्हापासून तो हललेला नाही. वादळ झालं, रस्ता खणला, आख्ख्या कॉलनीचं फायबर तीन दिवस बंद पडलं. हो, आलं शेवटी फायबर, पण मी घेतलं नाही. असली लाइन मला कुठे मिळणार? माझी एकदाही पडली नाही. एकदाही नाही. दिवाळीत कंपनीने मला बक्षीस दिलं.

दुपारी तीनला डबीतून टिचक्या येतात. आधी तीन, मग जरा थांबून आणखी तीन. पहिल्या खणखणीत असतात. दुसऱ्या जरा बोथट, बोटाचं पेर नसल्यासारख्या. काम झालंय, सोडू का, असं विचारतात दोघं.

टेस्ट फोन माझ्याकडेच आहे, कपाटात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. चिमटे लावायचे आणि दोन शब्द बोलायचे, "झालं, सोड." एवढंच तर आहे. मला येतं ते. कामाच्या दिवशी लाइन तोडणं बरं नाही, म्हणून मी ते रविवारवर ठेवलं आहे. रविवारी मला सुट्टी असते. रविवारी नक्की म्हणेन.

मधे बरेच रविवार गेले. कधी पाहुणे येतात, कधी डोकं दुखतं. आज शनिवार आहे.